सोवळ्यातला खलबत्ता

यशवंता,

तू गेल्याची वार्ता मला कल्याणीने सांगितली. सकाळची संध्या आटोपून मी देवघरातून बाहेर येत होतो आणि माझी ही दहा वर्षांची नात ओट्याच्या पायरीवर बसून हुंदके देत होती. "आजोबा, यशआजोबा गेले," एवढेच तिच्याने बोलवले. पुढचे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु तुझ्याशी आडपडदा ठेवण्याचे दिवस आता संपले. माझ्या मनात प्रथम आला तो शोक नव्हता. माझ्या मनात आले, मी जाईन तेव्हा ही पोर अशी रडेल का?

मी पुन्हा देवघरात गेलो आणि माळ घेऊन बसलो. मणी पुढे सरकेनात. एकशे आठ ही संख्याही तू माझ्याकडून नेलेली होतीस, आणि ज्या कामासाठी नेलीस तिथे ती माझ्यापेक्षा अधिक शोभली होती.

षड्रिपूंमध्ये मत्सराचे नाव शेवटी घेतात. चाळीस वर्षे कीर्तनांतून, प्रवचनांतून मी लोकांना तो समजावून सांगितला. त्याचा मला इतका चांगला परिचय कसा, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगावे लागले असते की तो माझ्याच ओट्यावर येऊन बसत असे, त्याचे मूळ गाव धावडा, आणि त्याच्यावाचून मला आठवडा जात नसे.

केदारखेड्याच्या शाळेत आपण एका इयत्तेत होतो. तू धावड्याहून मामाकडे शिकायला आला होतास. माझे वडील, अण्णा, शाळेत संस्कृत शिकवीत आणि सायंकाळी चार निवडक मुलांकडून आमच्या ओट्यावर शब्दरूपे घोटून घेत. तुमच्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारून फार वर्षे झाली नव्हती. अण्णांनी तुला ओट्यावर घेतले याचे गावात कोणी कौतुक केले, कोणी कुरकुर केली. परंतु ओट्याची उत्तरेकडची कड तेवढी तुझी. तुला तहान लागली तर पाणी वरून ओतले जाई. आरती झाल्यावर अण्णा सर्वांच्या हातावर प्रसाद ठेवीत आणि तुझ्या ओंजळीत मात्र उंचावरून सोडीत. हाताला हात लागत नसे. मी हे रोज पाहत होतो आणि मला त्यात काहीही वावगे वाटत नव्हते.

मला खुपत होते ते तुझे पाठांतर. एकदा ऐकलेले तुला पुन्हा ऐकावे लागत नसे. एके दिवशी अण्णांनी तुझ्याकडून रूपे म्हणवून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस, नाना? शब्द कसा धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ येतो याच्या तोंडून." मी बारा वर्षांचा होतो. माझ्या वडिलांनी माझ्याविषयी असे वाक्य आयुष्यात उच्चारले नाही. तुझ्या ओंजळीत प्रसाद उंचावरून पडत होता हे मी विसरलो आणि तुला मिळालेली शाबासकी तेवढी मोजली. या हिशेबाची मला आज लाज वाटते. पण बारा वर्षांच्या मुलाने केलेला तो हिशेब बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या मनातून पुसला गेला नाही, हेही खरे आहे.

पुढे तू रसायनशास्त्राकडे वळलास. अण्णा हळहळले. मी सुटलो असे मला वाटले. संस्कृत माझ्या वाट्याला आले, अण्णांची शाळेतली खुर्चीही आली, आणि गावोगावच्या फडताळांतून मिळालेल्या जुन्या पोथ्या लावण्याचे काम मी अंगावर घेतले. तू दूरच्या शहरात प्रथिनांच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्तीनंतर जालन्यात घर बांधलेस आणि दर रविवारी आमच्या ओट्यावर येऊ लागलास. आता कडेला बसण्याची तुला गरज नव्हती. तरी तू सवयीने तिथेच बसत होतास, आणि "इकडे सरक" असे मी तुला कधी म्हटले नाही.

तो दिवस तुला आठवत असेल. मी एका पोथीची सुटी पाने ओट्यावर मांडून बसलो होतो.

"काय करून राह्यला, नाना?"

"पाठभेद लावतो आहे. एकाच ग्रंथाच्या तीन प्रती आहेत. कोणत्या नकलकाराने कुठे काय बदलले ते पाहायचे."

"मंग तू अन् मी एकच धंदा करून राह्यलो की!"

"माझ्या धंद्यात रक्त नसते," मी म्हणालो.

"न्हाई, पण कसर तर असते ना?" असे म्हणून तू एका पानावरचा किडा चिमटीत उचललास आणि मुलासारखा हसलास.

मग तू मला ते काम समजावून सांगितलेस. निवृत्त झालास तरी जुन्या प्रयोगशाळेने तुला सोडले नव्हते. "रक्ताच्या एका थेंबात प्रथिनांचे किती तरी प्रकार. आम्ही ती आधी तोडतो, बारीक तुकडे करतो. मंग यंत्र एकेक तुकडा तोलतं. वजनावरून वळखायचं, हा तुकडा कोणत्या प्रथिनाचा. फाटक्या चतकोर पानावरून तू पोथी वळखतो ना, बराबर तसंच."

"पण पोथी फाडतो कोण?"

"आम्हीच! आधी फाडायची, मंग वाचायची."

"आणि वाचून काय कळणार?"

इथे तुझे हसणे थांबले. "दोन लेकरं घे. चाचणी केली तर दोघांच्याबी अंगात शेंगदाण्याचं वावडं दिसतं. त्यातलं एक लेकरू मूठभर दाणे खाऊन खेळायला पळतं. दुसऱ्याचा एका दाण्यात गळा सुजतो, जिवावर बेततं. चाचणीला दोघं सारखेच. मंग फरक कुठं लिहिलाय? रक्तातच कुठं तरी असणार. एखादं प्रथिन एकात जास्ती, दुसऱ्यात कमी. ती खूण घावली तर मायबापाला आधीच सांगता येईल, तुमचं लेकरू यातलं का त्यातलं."

"दोन प्रतींतला पाठभेद," माझ्या तोंडून निघून गेले.

"हां! आत्ता बोलला पंडित!" तू मांडीवर थाप मारलीस.

तू त्या दिवशी परत गेल्यावर मी पाने तशीच आवरून ठेवली. माझ्या कामाचे इतके जिवंत वर्णन मला स्वतःला कधी करता आले नव्हते. आणि माझा पाठभेद लागला काय, न लागला काय, कोणाचा गळा त्यावर अवलंबून नव्हता.

ते दुसरे लेकरू माझ्याच घरात वाढते आहे हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते. कल्याणी पाच वर्षांची असताना शाळेत मैत्रिणीची चिक्की खाऊन आली आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी चाचणी करून शेंगदाणा कायमचा वर्ज्य सांगितला. अंगात पुन्हा भिनलाच तर मांडीत टोचायची सुई घरात ठेवायला दिली आणि ती कशी टोचायची हे माझी सून अनुराधा हिला शिकवले. अनुराधेने दाणे, कूट, दाण्याचे तेल, सगळे स्वयंपाकघरातून बाहेर काढले. फक्त माझ्या फडताळाला तिने हात लावला नाही. ते सोवळ्याचे फडताळ. माझ्या उपवासांची भांडी त्यात, खलबत्ताही त्यातच. एकादशीला मी स्वतः दाणे भाजतो, त्या खलबत्त्यात कुटतो, आणि पुन्हा धुऊन तिथेच ठेवतो. घरातला सारा शेंगदाणा अशा रीतीने घरातल्या सर्वांत पवित्र कोपऱ्यात गोळा झाला होता. हे इतके उघड होते की मला ते दिसले नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायण होता. अनुराधा म्हणाली, "नाना, कल्याणीसाठी मी माझ्या भांड्यांत वेगळा शिरा करते. पूजेतला तिला नको द्यायला."

"देवाच्या नैवेद्याला वेगळा शिरा?" मी म्हणालो. "सगळे मी माझ्या हाताने, सोवळ्यात करतो. इतर कशाचा स्पर्शही होणार नाही. त्याहून शुद्ध काय असते?"

तिने आपली कढई परत ठेवली. माझ्यासमोर या घरात कोणी दुसऱ्यांदा बोलत नाही, हा माझा मान आहे असे मी समजत आलो.

रवा, तूप, साखर, दूध, केळे. शेंगदाण्याचा कणही नाही. शेवटी वेलदोडे कुटले आणि शिऱ्यावर घातले. आरती झाल्यावर पहिला प्रसाद मी कल्याणीच्या हातावर ठेवला. तिने तो डोक्याला लावून खाल्ला. माझ्या हातचा प्रसाद ती दोन वर्षांनी खात होती, आणि मला फार बरे वाटले.

पाच-सात मिनिटांत तिचा आवाज घोगरा झाला. ती खोकू लागली. गळ्याशी हात नेऊन माझ्याकडे पाहू लागली. मी स्तोत्र सुरू केले. दुसरे काही मला सुचले नाही. अनुराधेने तुला फोन लावला आणि फोनमधून तुझा आवाज साऱ्या पूजेच्या खोलीत घुमला: "अनू, आधी सुई. मांडीत. विचार नको करू, जल्दी! मंग तिला आडवी निजव अन् गाडी काढा. मी दवाखान्याच्या फाटकात उभा हाय." अनुराधेने सुई टोचली. माझे ओठ हलत होते. देवाने त्या दिवशी कोणाच्या हाताने काम केले हे मी पाहिले आहे, आणि ते हात माझे नव्हते.

तू खरोखरच जालन्याच्या त्या दवाखान्याच्या फाटकात उभा होतास. कल्याणीचा श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, रात्रभर इथेच ठेवू. तू मला व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन बसलास.

"शिऱ्यात काय काय घातलं, नाना?"

मी एकेक सांगितले.

"वेलदोडे कुठं कुटले?"

"माझ्या खलबत्त्यात. सोवळ्यातल्या."

तू फार हळू विचारलेस, "सोवळ्यातला म्हणजे... उपासाचाच ना रे तो?"

तेव्हा मला कळले.

त्या क्षणी तू एक वाक्य बोलू शकत होतास. 'ज्या सोवळ्याने मला तुमच्या ओट्याच्या कडेला बसवले, त्याच सोवळ्याने आज तुझी नात इथे आणली,' असे तू म्हणाला असतास तर मला मान खाली घालून ऐकावे लागले असते. त्या वाक्यावर तुझा साठ वर्षांचा अधिकार होता. तू ते बोलला नाहीस. तू उठून बाहेर गेलास, दोन केळी घेऊन आलास आणि एक माझ्या मांडीवर ठेवलेस. "खा. सकाळपासून उपाशी असशील. साल हाय त्याला, तुला चालतं."

मी बाहेरचे काही खात नाही, सालीचे फळ तेवढे घेतो, हे तुझ्या लक्षात होते. मी ते केळे खाल्ले, यशवंता, आणि खाताना तुझा जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कधी वाटला नव्हता. पाठांतर घोकून मिळवता येते. असे गप्प बसणे कोणत्या पाठशाळेत शिकवतात? मी इतकी शास्त्रे वाचली, शांतीचे पाठ म्हटले, आणि ती शांती तुझ्याकडे राहायला गेली.

त्यानंतर कल्याणी तुझी झाली. तू तिला तीन प्रश्न शिकवलेस. काय आहे? कशात केले? कोणत्या पळीने वाढले? "कोणीबी देऊ दे. देवानं दिलं तरी आधी विचारायचं," असे तू तिला माझ्या देखत सांगितलेस. आणि ती विचारू लागली. लग्नात विचारी, शाळेत विचारी, माझ्याकडेही हात पुढे करण्याआधी विचारी, "आजोबा, खलबत्ता कोणता?" मी आयुष्यभर अन्नाला असेच प्रश्न विचारत आलो होतो. कोणी केले, कशात केले, कोणाचा हात लागला. मी विचारत होतो तेव्हा समोरची माणसे लहान होत होती. ती विचारते तेव्हा लोक आनंदाने भांडी धुवायला धावतात.

तुझ्या कामासाठी तिने रक्त दिले तेव्हा रडलीही नाही. तू तिला वही दाखवलीस. नमुन्यांवर मुलांची नावे लिहायची नाहीत असा नियम. यंत्रासाठी आकडे होते, पण स्वतःच्या वहीत तू प्रत्येक मुलाला एकेक नक्षत्र दिले होतेस.

"तुझं स्वाती," तू तिला म्हणालास.

"तिची रास वृषभ आहे, नक्षत्र रोहिणी," मी मध्ये बोललो. "पत्रिका मी स्वतः मांडली आहे."

"खरं नक्षत्र दिलं तर वळखू येईल ना, बुवा! रोहिणी मी दुसऱ्या पोराला देऊन टाकली."

"नक्षत्रे अशी वाटत नाहीत कोणी."

"वाटली की! अन् सत्तावीस संपली तर तुझे चरण हायत. हरेक नक्षत्राला चार. एकशे आठ लेकरं बराबर बसतात तुझ्या माळेत."

या वादाचा निकाल लागला नाही. पुढच्या प्रत्येक रविवारी मी रोहिणी म्हणालो आणि तू स्वाती म्हणालास. कल्याणी दोन्ही नावांना ओ देऊ लागली. पण त्या दिवसापासून जपाला बसलो की प्रत्येक मण्यामागे मला एक मूल दिसू लागले. मी हे तुला सांगितले नाही. जप खंडित होतो असे वाटून मला राग येत होता. आता वाटते, तो पहिल्यांदाच पूर्ण होत होता.

तू म्हणाला होतास, "ती खूण घावली ना, की आणखी एक गोष्ट करता येईल. दर वर्षी रक्त बघून सांगता येईल, पोरीचं वावडं विरलं का न्हाई. दाणा खाऊ घालून जिवाशी खेळायला नको." तेव्हापासून मी त्या दिवसाची वाट पाहत होतो. माझी नात माझ्यापुढे ओंजळ करील आणि काही न विचारता प्रसाद घेईल, तो दिवस. मला दुसरे काही नको होते.

आणि आता ते सांगतो, जे तुझ्या जिवंतपणी सांगू शकलो नाही.

मागच्या वर्षी तू एका रविवारी आलास आणि नेहमीपेक्षा जड बसलास. पहिल्या गटातल्या मुलांच्या रक्तात तुम्हाला दोन-तीन प्रथिने वेगळी दिसली होती; तू महिनाभर आनंदात होतास. मग दुसऱ्या गावांच्या मुलांचे नमुने तपासले.

"गायब, नाना," तू म्हणालास. "पहिल्या गटात होतं, दुसऱ्यात न्हाईच. खूण नव्हती ती. योगायोग होता. पुन्हा पहिल्यापासून."

"अरेरे," मी म्हणालो. माझा चेहरा मी दुःखी केला. आतून मला आनंद झाला, यशवंता. तुझे चुकले, तुझेही चुकू शकते, याचा आनंद. अण्णांच्या ओट्यावर तू एकदा तरी अडखळावास म्हणून बारा वर्षांच्या नानाने जी वाट पाहिली होती, ती त्या रविवारी संपली. त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा अर्धी पोळी अधिक खाल्ली. तुझी खूण हरवली म्हणजे माझ्या कल्याणीचा तो दिवस लांबला, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी अर्घ्य देताना लक्षात आले. ओंजळीतले पाणी सगळे हातावरून ओघळून गेले. मी नातीच्या हिताविरुद्ध आनंदलो होतो.

तू मात्र उठताना म्हणाला होतास, "एक बरं झालं. चुकीचं सांगून बसलो असतो तर कोणाच्या तरी लेकराला दाणा चारला असता." आणि पुढच्या रविवारी तू नव्या गटाची वही घेऊन आलास. अपयशावर जळत राहायलाही तू मला अवधी दिला नाहीस.

आणखी एक गोष्ट अपुरी राहिली. जालन्यात घर बांधल्यापासून तू मला विचारत होतास, "जेवायला कधी येतो?" मी कधी एकादशी सांगितली, कधी चातुर्मास सांगितला. तू पंचांग काढून दाखवलेस, "हे बघ, या तारखेला कायबी न्हाई. साधा बुधवार हाय." मी म्हणालो, "मी कोणाकडेच जेवत नाही." ते खरे होते आणि पुरते खरे नव्हते. माझ्या भावाकडे मी जेवतो. सोयऱ्यांकडेही सोवळ्यात केले तर पाटावर बसतो. तुला हे ठाऊक होते. तू हसून म्हणालास, "बरं. साधा बुधवार पुन्हा येईल." गेल्या महिन्यात शेवटचे विचारलेस, तेव्हा पायऱ्या उतरताना तुला धाप लागत होती. मी तुझा हात धरला नाही. सवय नव्हती.

काल तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी कल्याणी आणि अनुराधेबरोबर आलो. अंगणात मंडप होता. भन्ते पालीत गाथा म्हणत होते आणि मला बऱ्याच शब्दांचा अर्थ लागत होता. तू असतास तर उरलेल्यांचा सांगितला असतास. माणसे मला वाटले होते त्याहून कितीतरी अधिक होती. मुले घेऊन आलेल्या बाया होत्या. एक बाई अंबडकडच्या खेड्यातून आली होती आणि तिचा मुलगा तुझ्या तसबिरीपुढे उभा राहून तिला विचारत होता, "आई, मी पुष्य ना?" मी मनातल्या मनात माझ्या अंत्ययात्रेची माणसे मोजली आणि मोजणे लवकर संपले.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मी नेहमीसारखा दाराशी सरकलो. घरी जाऊन जेवीन, हे वाक्य जिभेवर तयार होते. तुझ्या पत्नी, सुमनवहिनी, माझ्याजवळ आल्या. डोळे सुजलेले, पदर डोक्यावर. म्हणाल्या, "नाना, तुमच्यासाठी केळी काढून ठेवलीत आतमध्ये. ह्यांनी सांगितलेलं होतं मला, तुम्हाला काय चालतं ते." त्यांच्या स्वरात रागाचा लेशही नव्हता.

तेवढ्यात कल्याणी आली. तुझ्या घरी ती आईबरोबर किती तरी वेळा जेवली आहे. तरी तिने वहिनींना ओळीने विचारले. काय आहे? कशात केले? कोणत्या पळीने वाढणार?

"वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी," वहिनी म्हणाल्या. "पातेली घरचीच हायत, पळ्याबी. आचाऱ्याला म्हणलं, दाण्याचं तेल न्हाई की कूट न्हाई, आमची कल्याणी येणार हाय. अन् या घरात तर तीन वर्षं झाली बाई, दाणा आल्ताच कुठं? त्या दवाखान्याच्या दिवशी रात्री घरी आले अन् डबाच नेऊन बाहेर देऊन टाकला. म्हणले, ती पोर कधीबी येईल. त्यांना चटणी किती आवडायची दाण्याची! तोंडाला लावली न्हाई पुन्हा."

मी दाराची चौकट धरली.

तीन वर्षे, यशवंता. त्या तीन वर्षांत मी खलबत्ता बदलला होता. जुना अडगळीत टाकला आणि नवा आणला, आणि त्यात एकादशीला दाणे कुटतच राहिलो. माझे व्रत मोडले नाही. तू एक चटणी सोडलीस आणि कोणाला सांगितलेही नाहीस. माझ्या नातीसाठी या जिल्ह्यात एक स्वयंपाकघर पूर्ण निर्मळ होते, आणि ते माझे नव्हते. तुझ्या बुद्धीचा हेवा मी पुष्कळ केला. दाणे मी सोडायला हवे होते आणि सोडलेस तू, याचा हेवा आता उरलेल्या दिवसांत करीन.

कल्याणी पंगतीत बसली. शेजारची जागा तिने हाताने पुसली आणि मला हाक मारली. "आजोबा, या ना. इथे बसा. मी सगळं विचारलंय."

तिने सगळे विचारले होते. मला विचारायचे काही राहिले नव्हते. मी जाऊन तिच्याजवळ बसलो. वहिनींनी पत्रावळ मांडली तेव्हा त्यांचा हात थबकला; मी मान हलवली आणि त्यांनी वाढले. मी आचमन केले, पानाभोवती पाणी फिरवले, देवासाठी चार शिते बाजूला काढली. मग तुझ्या घरचा वरणभात कालवला. कल्याणी तोवर अर्धी पोळी संपवून बुंदीकडे वळली होती. न घाबरता, न थांबता, भरल्या तोंडाने ती जेवत होती.

काल शनिवार होता. साध्या बुधवारपर्यंत तू थांबला नाहीस.

वरणात मीठ किंचित कमी होते, यशवंता. हे मी तुला फार पूर्वी, समोर बसून सांगायला हवे होते.